त्या आखाजीला मी सेल्फ बदलला

वैशाख लागला की आमच्या जळगावात माणसं उन्हाच्या बढाया मारू लागतात. कुणी म्हणतं आज पंचेचाळीस होतं, लगेच दुसरा म्हणतो, हे काहीच नाही, भुसावळला शेहेचाळीसच्या वर गेलं. यावलहून आलेला एखादा पाहुणा केळीची पानं कशी उभ्या उभ्या करपली ते असं रंगवून सांगतो, जणू ती त्यानं स्वतःच्या हातानं भाजली. ऊन पाडण्यात आपलं कर्तृत्व शून्य, पण मिरवायला पुढे. मीही एके काळी त्यातलाच होतो. आता वैशाख आला की माझी नुसती चिडचिड होते. बायको म्हणते, "ऊन बाधलंय तुम्हाला." बाधलंय हे खरं. फक्त ते ह्या वर्षीचं नाही.

परवा समोरच्या कडुनिंबाला कुणीतरी झोका बांधला. कोपऱ्यावर कुंभारीण नव्या घागरी मांडून बसली. घराघरातून सांजोऱ्या तळल्याचा वास यायला लागला. म्हणजे आखाजी आली. अक्षय्य तृतीया बाकीच्या महाराष्ट्रात सोनं घ्यायचा दिवस असेल, आमच्या खानदेशात तो लेकींचा सण. सासरी गेलेली मुलगी आखाजीला माहेरी येते, झोके घेते, दुपारी आडवी होते आणि तिला कोणी 'ऊठ' म्हणत नाही. मात्र ती आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचं माणूस जावं लागतं. त्या माणसाला मुऱ्हाळी म्हणतात. माहेर पुढच्या गल्लीत असलं तरी मुऱ्हाळी दारात आल्याशिवाय लेक पिशवी उचलत नाही. आपल्या पायांनी आली तर सासरचे म्हणणार, हिला बोलावलं कोणी?

माझ्या धाकट्या बहिणीचा, रंजनाचा मुऱ्हाळी म्हणजे आमचे वडील, आबा. ती धुळ्याला, देवपुरात दिलेली. आबा शाळामास्तर. आम्हा दोघा भावंडांना त्यांनी धाकानं शुद्ध बोलायला लावलं. आई मात्र त्यांच्या नाकावर टिच्चून जन्मभर अहिराणीच बोलली. निवृत्त झाल्यावर आबांनी यावलच्या एका डॉक्टरांची जुनी पांढरी गाडी घेतली आणि ती वर्षातून एकदाच मनापासून चालवली. आखाजीच्या तीन दिवस आधी, उजाडता उजाडता. मागच्या सीटवर गवतात गुंडाळलेले आंबे, अंगात परीटघडीचा सदरा. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, की देवपुराच्या गल्लीत शिरताना ते लांबूनच हॉर्न वाजवत. रंजना सांगायची, "हॉर्न ऐकला की सासूबाई स्वतः माझी पिशवी दारात आणून ठेवतात."

आबा मार्गशीर्षात गेले. त्यांच्यामागून येणारी ती पहिली आखाजी, आठ-नऊ वर्षांपूर्वीची.

माणूस गेल्यावर येणाऱ्या पहिल्या आखाजीला त्याच्या नावानं घागर भरतात. नवी घागर, तिच्या तोंडावर छोटं मडकं, त्यावर खरबूज, आंबा, सांजोरी. लेकरांनी मिळून ती पुजायची. आईला दोन्ही लेकरं घागरीपाशी हवी होती. पण खरी गोष्ट तेवढीच नव्हती. चैत्रात रंजनाच्या सासूबाई गहू निवडताना चार बायकांसमोर बोलून गेल्या होत्या, "बाप होता तवलोंग माहेर. आते देखू कोन येस ते." रंजनानं ते फोनवर हसत हसत सांगितलं. तिचं ते हसणं आई ओळखून होती. मीही ओळखून होतो, आणि तरीही पुढचं सगळं केलं. तिला माहेर उरलंय की नाही, हे त्या आखाजीला ठरणार होतं, आणि ठरवणारा मी होतो.

चार दिवस आधी मी गाडीत बसलो, किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून फक्त 'टक्' असा आवाज आला. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्.

किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला गरका देणारी जी छोटी मोटर असते, तिला आमच्याकडे सगळे सेल्फ म्हणतात. मी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक. पोरांना तारा जोडून द्यायच्या, दिवे लावून दाखवायचे, बॅटऱ्या मोजायच्या, ह्यात माझी हयात गेली. मी हेडलाइट लावून पाहिले. लख्ख. म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग टक् होऊनही मोटर फिरत नाही म्हणजे सेल्फ गेला. कसं सरळ, स्वच्छ अनुमान! मला तर ते काढताना आनंदच झाला. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक तरुण माणूस गाणं ऐकत ऐकत अर्ध्या तासात सेल्फ बदलतो. मी ठरवलं, घरीच करायचं.

ह्यात आणखी एक जुनं दुखणं होतं, तेही सांगून टाकतो. आबांच्या लेखी मी हातानं अधू होतो. गाडीचं काहीही बिघडलं की ते मागच्या गल्लीतल्या हमीदभाईंना हाक मारत. हमीदभाई डायनमो-सेल्फचं काम करणारे, आमच्या घरातल्यासारखे. मी पाना उचलला की आबा म्हणत, "तू राहू दे, तू प्रयोगशाळेतच बरा." आता आबा नव्हते. त्यांच्याच गाडीत त्यांनी जिथे मला कधी हात घालू दिला नाही तिथे हात घालायचा, आणि तीच गाडी देवपुरात हॉर्न वाजवत न्यायची, असं माझ्या मनानं घेतलं. त्याच दिवशी हमीदभाई स्कूटरवरून जाताना थांबले. म्हणाले, "सर, मी देखू का?"

"नको," मी म्हणालो. "कळलंय मला काय झालंय ते."

अंगणात गोणपाट टाकून मी गाडीखाली शिरलो. बॅटरीच्या वजा टोकाची वायर आधी सोडायची, हा नियम मी पोरांना घोकून घेतो, तो पाळला. नुसती सोडली नाही, तर तिचं बॅटरीकडचं टोक पॉलिश पेपरनं घासून चांदीसारखं केलं. वायरीला दुसरंही टोक असतं, ते खाली गिअरबॉक्सला जाऊन बसतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी तिकडे पाहिलं नाही, एवढंच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या दुपारचं ऊन मला अजून अंगावर आठवतं. फरशी इतकी तापलेली की गोणपाटातून पाठ भाजत होती. पाना सावलीतला, तरी हातात धरवेना. डोळ्यात इंजिनाची काळी माती. वरचा बोल्ट निघाला, खालचा जाम. रॉकेल टाकलं, ठोकलं, शिव्या दिल्या. मध्येच आई यायची, पदरानं वारा घेत उभी राहायची. मला तिची फक्त पावलं दिसायची.

"भाऊ, यष्टी नही शे का? बठ नि जाय," ती म्हणायची.

"होतंच आलंय गं."

"बहीन गाडीनी वाट नही देखस रे. भाऊनी देखस."

ही इतकी साधी गोष्ट गाडीखाली पडून ऐकली आणि उत्तरादाखल मी तिच्याकडे चौदाचा पाना मागितला.

दुसऱ्या दिवशी जुना सेल्फ खाली आला. तो पोटावर घेऊन मी थोडा वेळ तसाच पडून राहिलो, एखादं मूल घ्यावं तसा. त्या क्षणी मी सुखी होतो, हे आज लिहायलाही लाज वाटते. मग बाजारातून दुसरा आणला. त्याचं दातेरी चाक वेगळं निघालं, तो परत करण्यात तिसरा दिवस गेला.

गल्ली मदतीला तयार होती. शेजारचे पाटील म्हणाले, "सर, आम्ही चार जन धक्का मारतस. निंघा तुम्ही." अगदी खरं होतं ते. धक्का मारला असता तर गाडी चालू झाली असती आणि बारा वाजायच्या आत मी देवपुरात असतो. पण तिथून निघताना काय? सोयऱ्यांच्या दारात, रंजना पुढे बसलेली, आणि तिचा सासरा नि नवरा सदऱ्याच्या बाह्या सरसावून मागून गाडी ढकलतायत! आबा गेले आणि ह्यांची गाडीही ढकलगाडी झाली, असं ते वर्षभर सांगत फिरले असते. मला हे चित्र काही केल्या सहन होईना. एसटीचंही तेच. आबा गाडीनं यायचे, पोरगा लटकत आला, हे मला नको होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही आबांचा होता, माझा फक्त पीळ.

रंजनाचा फोन रोज यायचा. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "पिशवी भरली रे दादा." दुसऱ्या दिवशी, "उद्या नक्की ना?" तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती हळू आवाजात बोलत होती, बहुधा जिन्यात उभी राहून.

"दादा, एसटीनं ये. मोटरसायकलवर ये. पायी ये. पण ये."

"अगं, फक्त बसवायचा राहिलाय. उद्या सकाळी निघतो."

"माझी नणंद आलीये आज. ह्यांनी जाऊन आणली तिला."

"उद्या," मी म्हणालो. तेव्हा माझ्या हाताला ग्रीस होतं म्हणून मी फोन गाल आणि खांद्यात धरला होता, आणि माझं अर्धं लक्ष नव्या सेल्फच्या बोल्टाकडे होतं.

चौथ्या दिवशी दुपारी नवा सेल्फ बसला. आखाजी दुसऱ्याच दिवशी. बॅटरीची वायर जोडली, हात धुतले, आबांचा सदरा होता तो घातला. आई आंब्यांची टोपली घेऊन दारात आली. किल्ली फिरवली.

टक्.

आईनं टोपली खाली ठेवली आणि आत गेली. मी परत गाडीखाली शिरलो. त्याच सदऱ्यानं.

आखाजीच्या सकाळी आबांची घागर मी एकट्यानं पुजली. चुलीत पितरांची आगारी टाकली, पुरणपोळीचा घास जळताना तुपाचा वास आला. आई बाजूला बसली होती, तिचं लक्ष सारखं फाटकाकडे. पूजा झाल्यावर ती डोक्यावरून पदर घेऊन बाहेर पडली आणि थोड्या वेळानं हमीदभाईंना घेऊनच आली. सणाच्या दिवशी, मला न विचारता.

हमीदभाईंनी आधी कोपऱ्यात पडलेला जुना सेल्फ उचलला. जमिनीवर ठेवून त्यावर पाय दिला, बॅटरीपासून दोन तारा आणून टेकवल्या. तो असा गरगरला की त्यांच्या पायाखालून निसटू पाहत होता. मी ही परीक्षा केली नव्हती. दोन तारा नि एक बॅटरी, जे मी पोरांकडून पहिल्याच तासाला करून घेतो तेवढंच ते काम.

मग ते वाकले, गिअरबॉक्सकडे हात घातला आणि वायरीचं ते दुसरं टोक ओढलं. हिरवं, भुसभुशीत. हातातच आलं.

"सर, मोटर तं चांगली शे. दोन्ही चांगल्या शेत," ते म्हणाले. "हाई वायर सडी जायेल शे."

काखेत कळसा नि गावाला वळसा. त्यांनी वायरचा तुकडा जोडला आणि गाडी सुरू झाली. हमीदभाई एवढे भले की माझ्याकडे न पाहता हात पुसत निघून गेले. आंबे घेऊन मी भर दुपारी निघालो. एरंडोलच्या पुढे रस्ता रिकामा, डांबर चकाकत होतं, आणि मी काय वाटून घेत होतो? की उशीर झाला, पण आलो तर आहे. वरातीमागून घोडं नेणाराही असंच म्हणत असेल.

देवपुरात पोचलो तर रंजनाची नणंद झोक्यावर बसलेली. रंजना स्वयंपाकघरातून पुरणानं भरलेले हात घेऊन बाहेर डोकावली, मला पाहिलं आणि पाणी आणायला वळली. सासूबाईंनी खाटेवर जागा करून दिली. "या. बसा. बराच उशीर व्हयना," त्या म्हणाल्या.

आणि मी सांगत सुटलो. सेल्फ कसा गेला वाटलं, खालचा बोल्ट कसा जाम होता, दातेरी चाक कसं वेगळं निघालं, चार दिवस कसा गाडीखाली होतो. मला वाटलं, माझे कष्ट ऐकून त्यांचं मन निवळेल. त्या शांतपणे ऐकत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "मंग तुम्हनी मायले ताप कवय उना व्हता?"

मला कळेना, आईला ताप कधी आला होता हे त्या का विचारतायत. रंजना पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळं समजलं. आई तापानं फणफणली आहे, दादा तिला सोडून येऊ शकत नाही, असं ती तीन दिवस सांगत होती. तीन दिवस ती माझी अब्रू झाकत होती, आणि मी येऊन पाच मिनिटांत ती स्वतःच्या तोंडानं उघडी केली. आता सगळ्यांना कळलं की हिचा भाऊ धडधाकट होता, आई ठणठणीत होती, बस चालू होत्या. फक्त कोणी आलं नव्हतं.

सासूबाई उठल्या आणि लेकीच्या झोक्यापाशी गेल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. "चल, निघू," म्हणालो. "अजून दिवस आहे."

ती पुरण वाटत होती. मान वर न करता म्हणाली, "आखाजी झाली दादा. काल सासूबाईंनी सांगितलं, साड्या कपाटात ठेव, चुरगळतील. ठेवल्या मी." मग पुरण सारखं करत, "बाकी सगळं चालून गेलं असतं रे. आईला ताप होता, एवढं तुला माहीत असायला हवं होतं."

"मला कसं माहीत असणार?"

"एकदा तरी विचारलं असतंस, की इकडे तू काय सांगतेस."

ते मी विचारलं नव्हतं. चार दिवसांत मी तिला बोल्टाविषयी सांगितलं, उन्हाविषयी सांगितलं. तिच्या घरात तिचे दिवस कसे चाललेत, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. बाहेर येऊन गाडीत बसलो. किल्लीला हात लावताच गाडी सुरू झाली, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. एवढ्या वेळेवर चालू झालेल्या गाडीचा मला आयुष्यात कधी इतका राग आला नाही.

त्यानंतर रंजना आमच्याकडे आली नाही असं नाही. लग्नकार्याला आली, आईच्या आजारपणात आली. आपली आपण यायची, बाहेरून आलेल्या पाहुणीसारखी चप्पल नीट जोडून ठेवायची आणि संध्याकाळच्या आत निघायची. पुढच्या वर्षी मी पहिल्या एसटीनं गेलो होतो. तिनं चहा दिला, आंबे ठेवून घेतले आणि पोरांच्या शाळेला सुट्टी नाही म्हणाली. वैशाखात कुठली शाळा? मी वाद घातला नाही. आणखी दोन वर्षं गेलो. मग जाणं सोडलं, आणि सोडलं ह्याचा तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. आईनं मला त्यावरून कधी बोल लावला नाही. फक्त दर आखाजीला सांजोऱ्या रंजनाच्या वाटच्या धरून करायची आणि शेवटी त्या शेजारी वाटून टाकायची. गाडी मी केव्हाच काढून टाकली.

आई गेल्या कार्तिकात गेली. उद्याची आखाजी तिची पहिली. म्हणून काल सकाळी मी धीर करून रंजनाला फोन लावला. आधी उन्हाचं बोललो. धुळ्यात किती, जळगावात किती. मग म्हणालो, "आईची पहिली घागर आहे. तुला न्यायला येतो. आत्ता निघतो, तू म्हणशील तसा येतो."

ती म्हणाली, "मी इथेच भरणार आहे दादा."

"सासरी? आपल्या आईची घागर?"

"सासूबाईंनीच आणून ठेवलीये. म्हणाल्या, तुझ्या आईची घागर तू आपल्या घरी भर."

माझ्या तोंडून निघून गेलं, "असं कुठे असतं का गं? आई इथे राहिली, इथे गेली. ती इकडेच येणार."

"तूही भर ना," ती अगदी मायेनं म्हणाली, लहान मुलाची समजूत घालावी तशी. "आई दोन्हीकडे जाईल. तिला कोणी न्यायला यावं लागत नाही."